डुकरिणीचा घाम

इंग्रजी सिनेमात कुणीतरी दमून येतं आणि म्हणतं, डुकरासारखा घाम आलाय. ज्याने हे पहिल्यांदा म्हटलं त्याने डुक्कर नीट पाहिलेलं नसावं. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. घामाच्या ग्रंथी असतात, पण ऊन वाढलं म्हणून त्या आपल्यासारख्या वाहायला लागत नाहीत. आपल्या अंगावरचा घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. डुकराकडे ही सोय नाही, म्हणून ते पाणी बाहेरून अंगावर घेतं. नुसतं पाणी उन्हात भर्रकन वाळतं. चिखल हळूहळू वाळतो, म्हणून जास्त वेळ गारवा देतो. वर माश्यांपासून आणि उन्हाच्या चटक्यापासून बचाव होतो तो वेगळाच. आपण ज्याला डुकराची घाण म्हणतो तो त्याचा घाम आहे, फक्त बाहेरून आणलेला.

आणखी एक गोष्ट. पुरेशी जागा असेल तर डुक्कर झोपायच्या जागी घाण करत नाही, त्यासाठी वेगळा कोपरा धरतं. पण तापलेल्या, अडचणीच्या खोलीत कोंडलं की ते स्वतःच्याच मलमूत्रात लोळतं, कारण त्या खोलीत तेवढंच ओलं असतं. मग आपण नाक मुरडतो आणि म्हणतो, शेवटी डुक्करच ते.

हे सगळं आठवायचं कारण उन्हाळा, आणि एक प्रश्न. उन्हात जनावराने खाणं सोडलं आणि आपण युक्त्या करून त्याला खायला लावलं, तर ती त्या जनावराची काळजी झाली की आपल्या धंद्याची? आणि दोन्ही एकच असतील, तर फरक पडतो का?

प्रश्न कुठेही विचारता येईल. मी तो बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात, काटेवाडीच्या आसपास उभा राहून विचारतोय, कारण तिथे उन्हाला एक वेगळी प्रतिष्ठा आहे. हा पर्जन्यछायेचा मुलूख. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, उसाबरोबर साखर कारखाने आले, मागोमाग संकरित गाई आणि दुधाच्या डेअऱ्या आल्या. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. नाव जड आहे, काम साधं सांगता येतं. ऊन, दुष्काळ, खारवट जमीन अशा गोष्टी पिकांना, जनावरांना, माशांना काय करतात आणि त्यावर काय करता येईल, याचा अभ्यास. म्हणजे ज्या उन्हाला आपण ‘यंदा जरा जास्तच आहे’ म्हणून सोडून देतो, त्यासाठी या तालुक्यात देशपातळीवरची संस्था आहे.

आणि गाईच्या बाबतीत हे ज्ञान गोठ्यापर्यंत पोचलंयसुद्धा. होल्स्टीन फ्रिजियन गाय मूळची थंड मुलखातली, तिला आपलं ऊन सोसत नाही, हे आता पश्चिम महाराष्ट्रात चहाच्या टपरीवरही कुणी सांगेल. गोठ्यात पंखे लागले, फॉगर लागले. दावं सोडून गाईला मोकळं फिरू देणारा ‘मुक्त संचार गोठा’ हा शब्द गावोगावी माहीत झाला. गाईचं सुख आणि दुधाचा लिटर एकाच दिशेने जातात हे लोकांना पटलं.

मेंढीलाही इथे मान आहे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरकडे जाताना काटेवाडीला थांबते. परीट समाजाची माणसं धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला घोड्यांचं रिंगण. बैलाला बेंदूर आहे, पोळा आहे. गाय-वासराला वसुबारस आहे. एवढ्या मोठ्या पंचांगात जनावर म्हणून डुकराला एकही दिवस नाही. म्हणजे देवळात आहे, दशावतारात तिसरा. सरकारी कागदावर ‘वराहपालन’ आहे. गल्लीत मात्र ती शिवी आहे. उजनीच्या पलीकडे करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी २०१३ साली ‘फँड्री’ काढला, तेव्हा या शब्दाचा कैकाडी भाषेतला अर्थ महाराष्ट्राला कळला. त्या सिनेमात गावाला डुकरं नको असतात, पण ती पकडायला मात्र ठरावीक घरच हवं असतं. जनावराचं विटाळलेपण ते हाताळणाऱ्या माणसांवर कसं लादलं जातं, हे त्याहून नेमकं दाखवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता तेच जनावर गल्लीतून उठून शेडमध्ये येतंय. २०२१मध्ये नव्याने आखलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या पैदास केंद्राला ५० टक्के, जास्तीत जास्त ३० लाख रुपये अनुदान आहे. यूट्यूबवर व्हिडिओंची रांग लागलीय. आणि त्या शेडमध्ये बहुतेकदा असते लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची किंवा तिच्या संकराची पांढरी डुकरीण. यॉर्कशायर म्हणजे इंग्लंडचा उत्तर भाग. तिथल्या उन्हाळ्याला आपण हिवाळा म्हणू.

असं एक शेड डोळ्यासमोर आणा. काटेवाडीच्या शिवारात, आजूबाजूला ऊस, वर पत्रा. मे महिन्यातली दुपार. आत एक डुकरीण परवाच व्यायलीय. गाभणपणाचा काळ लक्षात ठेवायला सोपा असतो: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, म्हणजे साधारण ११४ दिवस. दहा पिल्लं आहेत. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांच्या अंगावर ना धड केस ना चरबी, त्यांना ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. आणि दूध पाजणाऱ्या आईला बरं वाटतं ते १८ ते २२ अंशांत. पंचवीसच्या वर गेलं की तिचा त्रास सुरू होतो. म्हणजे एकाच खोलीत, एकमेकांना चिकटलेल्या आई आणि लेकरांना दोन वेगवेगळे ऋतू हवेत. थंडीच्या दिवसांत पिल्लांच्या कोपऱ्यात बल्ब लावून हे जमतं. मे महिन्यात पिल्लांचं भागतं आणि आई जळते.

मग ती काय करते? धापा टाकते. जमेल तेवढं अंग फरशीला टेकवते. पाण्याच्या निपलशी खेळत राहते, अर्धं पाणी पिते, अर्धं सांडते. सांडलेलं पाणी तिला वाया गेलेलं वाटत नसावं. आणि ती खाणं कमी करते.

या शेवटच्या गोष्टीपाशी थोडं थांबू. खाणं म्हणजे उष्णता. खाल्लेलं पचवताना, त्यातले घटक तोडताना, त्यांचं दूध करताना शरीर तापतं. दहा पिल्लांना पाजणारी डुकरीण दिवसाला आठ-दहा किलो दूध करते. तिचं शरीर म्हणजे चोवीस तास पेटलेली चूल. बाहेर ४० अंश, अंगाला घाम नाही, लोळायला चिखल नाही. चूल मंद करायचा एकच उपाय तिच्या हातात उरतो, तो म्हणजे सरपण कमी घालणं. थंडीत दिवसाला पाच-सहा किलो खाद्य संपवणारी ती गव्हाणीवरून तोंड फिरवते.

शेडच्या वहीत याची नोंद ‘आहार घटला’ अशी होते. आणि नोंद खोटी नसते. पिल्लं ओढत राहतात, ती आपल्या अंगातली चरबी आणि मग मांस वितळवून दूध देते. तेही पुरत नाही, दूध आटतं, पिल्लं हलकी राहतात. पिल्लं तोडल्यावर एरवी चार ते सात दिवसांत माजावर येणारी ती येतच नाही, किंवा उशिरा येते. पुढच्या वेताला पिल्लं कमी. म्हणजे त्या दुपारी न खाल्लेल्या दोन किलोंचा हिशोब सहा महिने पुरतो. पण तिच्या बाजूने पाहिलं तर तिने चूक काही केलेली नाही. जळण्यापेक्षा उपाशी राहणं बरं, एवढं तिच्या शरीराने ओळखलंय.

आता आहारशास्त्र मधे येतं, आणि इथे मला या शास्त्राचं खरंच कौतुक वाटतं. कारण ते तिच्या नकाराशी भांडत नाही, नकाराचं कारण शोधतं. कोणत्या घासाने किती उष्णता होते? चोथा आतड्याच्या शेवटच्या भागात आंबतो, त्याची उष्णता जास्त. जादा प्रथिनं शरीर तोडून लघवीवाटे टाकतं, त्या कामातही उष्णता निघते. तेल-चरबीची सर्वांत कमी. मग उन्हाळ्याच्या खुराकात गव्हाचा कोंडा कमी करायचा, सोयाबीन पेंड कमी करून त्यातून जे खरोखर हवं होतं ते लायसीन, मिथिओनीन वेगळं घालायचं, आणि थोडं तेल मिसळायचं. घास लहान, पण त्यात ताकद तेवढीच आणि धग कमी. वेळ बदलायची: पहाटे आणि रात्री. दुपारी बाराला खाद्य टाकणं म्हणजे चार वाजताच्या उन्हात तिच्या पोटात शेगडी पेटवणं. खाद्य ओलं करून दिलं तर आणखी थोडं जातं. धापा टाकताना श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जादा निघून जातो आणि रक्तातला तोल बिघडतो, म्हणून कुणी खाण्याचा सोडा, पोटॅशियमचे क्षार घालतं.

आणि पाणी. पाजणारी डुकरीण दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पिते. निपलमधून मिनिटाला दोनेक लिटर यायला हवं, कारण थेंबथेंब पाण्यासाठी ती उभी राहत नाही, कंटाळून आडवी होते. छपरावरच्या काळ्या टाकीतून उघड्या पाइपने येणारं दुपारचं पाणी चहाला चालेल इतपत गरम असतं. टाकी सावलीत घेणं, पाइप जमिनीत गाडणं, यांचा खर्च औषधांच्या एका बिलापेक्षा जास्त नसावा.

सगळ्यात बारामतीचा वाटेल असा उपाय म्हणजे ठिबक. उसाला घालतो तेच. नळी डुकरिणीच्या मानेवर आणायची, दर काही मिनिटांनी थोडं पाणी मानेवर-खांद्यावर पडतं, पंख्याच्या वाऱ्याने वाळतं, पिल्लं कोरडी राहतात. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे चांगलं चालतं. जुलैच्या दमट हवेत पाणी वाळतच नाही, तेव्हा नाही चालत. म्हणजे आधी आपण तिचा चिखल काढून घेतला, सिमेंटची फरशी दिली, आणि मग नळी टाकून तिला थेंबाथेंबाने घाम विकत आणून दिला. मला यात उपहास करायचा नाहीये. थेंब खरे आहेत, गारवाही खरा आहे.

पण मूळ प्रश्न इथेच उभा आहे. ताप आलेल्या लेकराला आई भाकरी देत नाही, तांदळाची पेज देते. पचायला हलकं, दोन घोट तरी पोटात जाईल म्हणून. शेडमालक डुकरिणीला उन्हाळ्यात जे देतो ती एका अर्थी पेजच आहे. दोन्हीकडे नकार ऐकला गेला, दोन्हीकडे घास हलका केला. फरक हेतूचा. आईला लेकरू बरं व्हायला हवंय. मालकाला दूध चालू राहायला हवंय. बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात प्राण्यांविषयी जो मुद्दा मांडला तो असा, की त्यांना विचार करता येतो का हे सोडा, त्यांना दुःख होतं का ते विचारा. या फूटपट्टीने पाहिलं तर हेतू गौण. डुकरिणीला गार वाटलं ना? मग झालं. कांट म्हणेल, मालकाचं डुकरिणीशी थेट काही देणंच लागत नाही; जनावरांशी निर्दय वागून वागून तो माणसांशी तसा होऊ नये, एवढ्यापुरतंच बघायचं. मला दोघांपैकी बेंथम जवळचा वाटतो, पण पुरता पटत नाही.

आपल्याकडे या प्रश्नावरची सगळ्यात प्रसिद्ध कथा एकनाथांची आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले नाथ तापलेल्या वाळवंटात तडफडणारं गाढव पाहतात आणि देवाला घालायचं पाणी त्याच्या तोंडात ओततात. शाळेत आपण ही कथा भूतदया म्हणून शिकलो. पण तिच्यातल्या व्यवहाराकडे पाहा. गाढव कुणाचंच नव्हतं. ते उठून नाथांची कावड वाहणार नव्हतं. दूध देणार नव्हतं. पाणी गेलं ते गेलं. काळजी म्हणजे काय, तर जे परत येणार नाही ते देणं, असं ही कथा सुचवते. त्या मापाने पाहिलं तर पाण्याचं एक भांडं दुधाच्या एका भांड्यासाठी देणारा शेडमालक नापास.

पण मला नाथांच्या कथेतली एक सोय खटकते. (नाथांविषयी तक्रार नाही, कथेविषयी आहे.) नाथ पाणी पाजून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी ते गाढव कुठे होतं, कुणी पाहिलं? शेडमालकाला मात्र मार्च ते जून, रोज, पहाटे पाचला आणि रात्री नऊला तिथे असावं लागतं. रात्री लाईट जाते, पंखे बंद पडतात, तो टॉर्च घेऊन पाण्याची बादली उचलतो. हे तो शंभर रात्री करतो, कारण डोक्यावर बँकेचा हप्ता आहे. शुद्ध दयेवर शंभर रात्री कुणी उठत असेल तर तो संत. बाकी आपण सगळे मिश्र हेतूंवर चालतो. डॉक्टर फी घेतो म्हणून त्याचं औषध खोटं होत नाही. तेव्हा नफ्याच्या नावाने केलेली काळजी ही काळजीच नव्हे, असं म्हणणं मला सोवळं वाटतं.

पण त्या काळजीवर भरवसा किती ठेवायचा? जोवर नफ्याची आणि डुकरिणीची वाट एक आहे तोवर. खरी परीक्षा वाटा फुटतात तिथे. आणि त्या फुटतात, तीच डुकरीण गाभण असताना.

पाजणाऱ्या डुकरिणीने खावं म्हणून सगळे धडपडतात. गाभण डुकरिणीने मात्र फार खाऊ नये अशी व्यवस्था असते. तिला मोजून दोन-अडीच किलो देतात, कारण जास्त खाल्लं तर ती लठ्ठ होते, विताना अडते, नंतर पाजताना कमी खाते. गरज भागते, पण भूक भागत नाही. वर्षात दोन वेतं धरली तरी ११४ दुणे २२८, म्हणजे वर्षातले २२८ दिवस ती गाभण असते. सुधारित जातीची भूक जबर, कारण पिढ्यान्‌पिढ्या पिल्लं झपाट्याने वाढावीत म्हणून निवडलेलं ते रक्त. अशा डुकरिणी तासन्‌तास गज चावत बसतात, तोंडात काही नसताना चघळत राहतात. ही उपाशी मनाची लक्षणं म्हणून शास्त्रज्ञांनी नोंदलेली आहेत. यावर साधा उपाय चोथ्याचा: कोंडा, हिरवा चारा, गवत. पोट भरल्यासारखं वाटतं, ऊर्जा फारशी मिळत नाही, डुकरीण शांत होते.

आणि चोथा म्हणजे उष्णता, हे मघाशीच आलं.

आता सांगा, मे महिन्यात काटेवाडीतल्या गाभण डुकरिणीला काय द्यायचं? कोंडा वाढवला तर पोट भरतं आणि अंग तापतं. कमी केला तर अंग गार आणि पोटात खड्डा. भूक की धग, यातलं एक तिच्यासाठी निवडायचं काम खुराक लिहिणाऱ्यावर येतं, आणि तो ते निवडतो तेव्हा त्याच्या डोक्यात नीतिशास्त्र नसतं, किलोमागचा भाव असतो. कोंड्याची टक्केवारी लिहिताना आपण कुणाच्या तरी दिवसभराच्या भुकेविषयी निर्णय देतोय, असं त्याला शिकवलेलंच नसतं. वाट काही अंशी निघते. चोथा संध्याकाळी द्यायचा, म्हणजे त्याची धग रात्रीच्या गार हवेत निघून जाते, आणि दुपारसाठी सावली, पाणी, ओली फरशी ठेवायची. कुट्टी केलेला हिरवा चारा संध्याकाळी सातला टाकणं अवघड नाही. पण मजूर त्या वेळी घरी जातो. आणि गाभण डुकरिणीची भूक वहीत कुठल्याच रकान्यात उतरत नाही. पिल्लं कमी होत नाहीत, वजन घटत नाही. ती फक्त गज चावते. इथे नफा गप्प बसतो. जे करायचं ते कुणाच्या तरी मनातूनच यायला हवं.

दुसरी फूट जागेची. एकेकट्या डुकरिणीला वळताही येणार नाही अशा लोखंडी क्रेटमध्ये ठेवलं की मजुरी वाचते, जागा वाचते. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१३पासून गाभणपणाच्या बहुतेक काळासाठी ही पद्धत बंद केली, विण्याच्या वेळचं क्रेट मात्र राहिलं, कारण आई अंगाखाली पिल्लं चिरडू शकते. थंड देशात क्रेट म्हणजे कैद. आपल्याकडे त्यात भर पडते. उन्हाची तिरीप सरकत सरकत अंगावर आली तरी तिला बाजूला होता येत नाही. शेजारी ओली जागा असते, पोचता येत नाही. गाईला मुक्त संचार हवा हे ज्या गावाला पटलं, त्याच गावात तीच गोष्ट डुकरिणीविषयी बोललात तर लोक हसतील. हसण्यामागे अर्थशास्त्र कमी आणि पंचांग जास्त आहे, असा मला संशय आहे.

कायदा काय म्हणतो? १९६०चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या भल्यासाठी वाजवी ती सगळी पावलं उचलायची आणि त्याला ‘अनावश्यक’ वेदना होऊ द्यायच्या नाहीत. ज्यात जनावराला पुरेशी हालचाल करता येत नाही असा पिंजरा हा गुन्हा आहे. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या निकालात पाच स्वातंत्र्यं या कायद्यात वाचायला सांगितली. त्यात भूक-तहानेपासून मुक्तता आहे आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागता येणं हेही आहे. शर्यती पुढे पुन्हा सुरू झाल्या. पण त्या निकालावर महाराष्ट्राच्या वाड्यावस्त्यांत जेवढी चर्चा झाली ती सगळी बैलाविषयी झाली. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. १९६० साली ती रक्कम होती, आज तेवढ्यात बारामतीच्या स्टँडवर धड एक मिसळ येत नाही.

सगळी गोम ‘अनावश्यक’ या शब्दात आहे. आवश्यक कुणाला? भुकेली राहणं डुकरिणीला आवश्यक नाही. शेडलाही आवश्यक नाही, फक्त स्वस्त आहे. स्वस्ताला आवश्यक म्हणायची सवय आपल्याला इतकी लागलीय की दोन शब्द वेगळे आहेत हेच विसरायला होतं.

इथे कुणीतरी म्हणेलच, आणि म्हणायला हवं: अरे, माणसं उन्हात मरतायत आणि तू डुकरिणीचं काय घेऊन बसलास? मराठवाड्यातून ऊसतोडीला येणाऱ्या बाया पोटुशी असतानाही मोळ्या डोक्यावर घेतात. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. पाळीत खाडा नको, खाड्याचा दंड नको, म्हणून. मी त्या बाईची आणि डुकरिणीची तुलना करत नाहीये. ती तुलना या समाजाने पुरेशी केलीय आणि ती कुणाच्या अंगावर टाकली जाते हे आपल्याला माहीत आहे. मी दोन्हीकडच्या हिशोबाची पद्धत बघतोय. शरीर म्हणतं थांब. हिशोब म्हणतो, हे थांबणं मला कितीला पडेल? आणि मग शरीरातच दुरुस्ती सुरू होते, हिशोबात होत नाही. त्या बाईला निदान बोलता येतं, संघटित होता येतं, आणि तरी इतकी वर्षं लागली. डुकरिणीकडे बोलायला एकच गोष्ट आहे. गव्हाणीवरून फिरवलेलं तोंड.

शेवटी ती कापलीच जाणार, हाही एक आक्षेप. पाच-सहा वेतांनंतर जाणारच. पण मरण ठरलेलं आहे म्हणून मधली दुपार हिशोबात धरायची नाही, हा नियम आपण आणखी कुणाला लावतो?

जास्त अवघड प्रश्न वेगळाच आहे: यॉर्कशायरची डुकरीण इथे आणावीच का? जास्त पिल्लं म्हणजे जास्त दूध, जास्त दूध म्हणजे जास्त उष्णता. ती जितकी लेकुरवाळी तितकी तापणार. गल्लीतली काळी गावठी डुकरीण कमी पिल्लं देते, कमी खाते, आणि बारामतीच्या उन्हात बाभळीखाली निवांत पडलेली असते. गोव्यातल्या ‘आगोंदा गोवन’ या लहान चणीच्या स्थानिक डुकराची देशी जात म्हणून अधिकृत नोंद झालीय. म्हणजे इथल्या उन्हाला सोसणारं रक्त इथेच आहे. पण अनुदानाचा प्रस्ताव पिल्लांच्या आकड्यावर उभा राहतो आणि आकडा पांढऱ्या डुकरिणीचा मोठा दिसतो. जात निवडतो तो माणूस एकदाच निवडतो, बहुतेकदा डिसेंबरात, एसी ऑफिसात. त्यानंतरचा प्रत्येक मे ती भोगते. खुराकातलं तेल आणि मानेवरचं ठिबक हे त्या एका सहीची भरपाई करत राहतात.

राहता राहिला चिखल. शेडवाल्यांना तो नको असतो, आणि कारण खोटं नाही: चिखलात जंत, चिखलात जखमा चिघळतात, रोगराई आली तर धुवून काढता येत नाही. पण मधला मार्ग आहे. शेडच्या बाहेर, सावलीत, सिमेंटचा उथळ हौद. गुडघाभर पाणी, एका बाजूला उतार, खाली निचऱ्याची मोरी. गाभण डुकरिणी गटाने सोडायच्या. पहिल्यांदा त्या काठावर उभ्या राहून हुंगतात, मग एक उतरते, मग सगळ्या. पाणी दोन दिवसांत गढूळ होतं. ते उसाला सोडता येतं, खत म्हणून वाईट नाही. हौदाने पिल्लं किती वाढतील हे कुणी छातीठोकपणे सांगणार नाही, म्हणून प्रकल्प अहवालात त्याला रकाना मिळणं कठीण.

आणि पाणी लागतं. मे महिन्यात, जेव्हा नीरा कालव्याचं आवर्तन कधी सुटणार हे विचारत अख्खा पट्टा बसलेला असतो, विहिरीचा तळ दिसायला लागलेला असतो, आणि वस्तीवर पिण्याचा टँकर यायचा असतो. त्या आठवड्यात डुकरिणींचा हौद भरायचा की नाही, भरायचा तर किती, आणि वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन उभ्या असताना तो भरलेला दिसू द्यायचा का.